मार खाणारी पट्टी

मराठी माणूस जन्मभर काही ना काही मारत असतो. सकाळी तो टेकडीवर चक्कर मारतो, दुपारी डुलकी मारतो, संध्याकाळी कट्ट्यावर गप्पा मारतो, गप्पांच्या ओघात थापा मारतो आणि रात्री भाकरी-पिठल्यावर ताव मारतो. याशिवाय उडी, शिट्टी, हाक, दांडी, टिचकी आणि काहीच काम नसेल तर माशा. मारण्याच्या बाबतीत आपण कुठलाही भेदभाव ठेवलेला नाही. पण गंमत अशी, की मार मात्र आपण 'खातो'. इतर भाषांतले लोक तो घेत असतील, सोसत असतील. आपण खातो. जणू तो चटणी-कोशिंबिरीच्या शेजारी ताटात वाढलेला पदार्थच आहे. आमच्या लहानपणी तर तो सर्वांत पौष्टिक पदार्थ समजला जाई. दूध कुणाला मिळे, कुणाला न मिळे. मार सर्वांना पोटभर मिळे.

हे भाषाशास्त्र मला सुचायचे कारण माझा पुतण्या. नगरच्या एमआयडीसीत त्याचा लहानसा कारखाना आहे आणि तिथे तो मोटारींच्या सुट्या भागांना मार देतो. आकसाने नव्हे, धंदा म्हणून. दर किलोवर. म्हणजे बाजारात बटाटे जसे किलोने मिळतात तसा त्याच्याकडे मार किलोने मिळतो. टेम्पो भरून काळाकुट्ट माल येतो, काट्यावर वजन होते, माल मार खातो आणि चंदेरी होऊन परत जातो. या उद्योगाला शॉट ब्लास्टिंग म्हणतात.

हा शब्द घरात रुळायला बरीच वर्षे गेली. पुतण्याच्या लग्नाच्या वेळी मुलीच्या मामांनी विचारले, "मुलगा काय करतो?" मी बँकेत कॅशियर होतो, त्यामुळे विचारले तेवढेच मोजून सांगायची सवय. म्हटले, "ब्लास्टिंग करतो." मामांचा चेहरा उतरला. आपल्या जिल्ह्यात ब्लास्टिंग म्हणजे विहिरीचा सुरुंग. पाणी लागो न लागो, दर उन्हाळ्यात सुरुंग लावायचा ही इकडची जुनी रीत. "एकुलता एक मुलगा, आणि दारूगोळ्याचं काम?" असे मामा हळूच पुटपुटल्याचे मी ऐकले. आमच्या शेजारच्या काकूंना 'शॉट' एवढेच ऐकू आले. पोरगा सिनेमात शिरला, अशी त्यांनी आळीभर वर्दी दिली.

तसा धातूकामाचा आणि नगरचा घरोबा जुना आहे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी बोलताना तोंडातून नगरच निघते. तेवढी सवलत वाचक देतीलच. विजापूरला मुलुख-ए-मैदान नावाची प्रचंड तोफ आहे. ती पाहून लोक विजापूरकरांचे कौतुक करतात. पण ती ओतली गेली आमच्याकडे, १५४९ साली, निजामशाहीच्या पदरी असलेल्या रूमी खान नावाच्या तुर्की कारागिराच्या हातून. वजन सुमारे पंचावन्न टन. पुढे किनेटिकने इथल्याच कारखान्यातून १९७२ साली लूना रस्त्यावर आणली आणि असंख्य मास्तर, कारकून आणि विमा एजंट यांची पायपीट थांबवली. लष्कराची आणि इतरांचीही वाहने तपासून बघणारी व्हीआरडीई ही संस्था नगरची. १९९४ पासून इथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. थोडक्यात, तोफेच्या गोळ्यापासून मोपेडपर्यंत सगळे करून झाल्यावर माझ्या पुतण्याच्या वाट्याला छर्रे आले. त्याचे छर्रे एक मिलीमीटरच्या आतबाहेरचे. मुलुख-ए-मैदानच्या एका गोळ्यात असे किती मावतील याचे गणित मी आमच्या अण्णांवर सोपवतो.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू आणि या पुतण्याचे वडील. सबंध हयात त्यांची जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तरकीत गेली. गणित शिकवीत. अण्णांचे गणित पक्के होते आणि हात त्याहून पक्का. त्यांची लाकडी पट्टी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. मुलाला एक फूट म्हणजे किती इंच हे पाठ नसले तरी एक फूट म्हणजे काय हे त्याच्या तळहाताला पक्के ठाऊक असे. त्यात स्वतःचा मुलगा वर्गात. मास्तर आपल्या पोराला सूट देतो असे गावाने म्हणू नये, म्हणून चुकीला इतरांना एक पट्टी असेल तर घरच्या उमेदवाराला दोन. याला अण्णा निःपक्षपातीपणा म्हणत.

अशा अण्णांनी मुलाचा कारखाना आतून कधी पाहिलेला नव्हता. उद्घाटनाला ते दारात नारळ फोडून परतले होते. "यंत्रं काय बघायची, हिशोब नीट ठेव म्हणजे झालं," एवढाच आशीर्वाद. गेल्या पावसाळ्यात मात्र मी नगरला गेलो असताना काय मनात आले कोण जाणे, म्हणाले, "चल रे, बघून येऊ पोरगा काय दिवे लावतोय ते."

कारखान्याच्या दारातच पुतण्या ओरडला, "काका, जपून! पाय घसरेल!" खाली पाहिले तर फरशीवर राखाडी मोहरी सांडल्यासारखी दिसली. तेच छर्रे. मशीन कितीही बंद केले तरी हे चार-दोन बाहेर येतातच आणि बुटाखाली आले की माणूस विनाखर्च स्केटिंग शिकतो. त्यांची चिकाटी जबर. माझ्या पँटच्या दुमडीतून ते पुण्याला आले. "नगरहून येताना मोहरी कशाला आणलीत, तीही अशी खिशाबाहेर?" असे हिने विचारले. फोडणीत पडण्याच्या आत खुलासा झाला म्हणून माझे उरलेसुरले दात वाचले.

आता हे मारण्याचे यंत्र कसे असते ते सांगतो. एक मोठे पोलादी कपाट. आत रबराचा जाड पट्टा झोळीसारखा टांगलेला. त्या झोळीत माल टाकायचा आणि दार लावायचे. पट्टा फिरू लागला की आतला माल पाळण्यातल्या अवखळ पोरासारखा उलटापालटा होत राहतो. वर एक पात्यांचे चाक मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी फिरत असते. छर्रे त्याच्या मध्यात पडतात आणि पात्यांवरून गोफणीतून सुटावे तसे मालावर सुटतात. वेग सेकंदाला सत्तर मीटरच्या आसपास. हा हिशोब अण्णांनी तिथल्या तिथे केला. तासाला अडीचशे किलोमीटर! या वेगाने एसटी सुटली तर नगरचा माणूस अर्ध्या तासात पुण्यात. अर्थात पुढचा तास शिवाजीनगरला रस्ता ओलांडण्यात जाईल, तो भाग वेगळा.

मारून झालेले छर्रे खाली पडतात आणि तिथून बादल्यांची एक माळ त्यांना वर घेऊन जाते. अगदी विहिरीवरचा रहाट. वर वाऱ्याचा झोत त्यांना पाखडतो. धूळ आणि फुटके तुकडे उडून बाजूला, सडसडीत छर्रे पुन्हा चाकावर. सुपात पाखडणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे यंत्र पाच मिनिटांत चालवता येईल, असे माझे मत झाले.

"पण मारायचं कशाला?" अण्णांनी विचारले. विद्यार्थ्याला प्रश्न विचारतात त्या आवाजात.

पुतण्याने शांतपणे सांगितले. भट्टीत लाल करून ठोकलेल्या लोखंडावर थंड होताना खपली धरते. खपलीवर रंग टिकत नाही, आणि पुढच्या कापकामात हत्याराची धार जाते. पूर्वी ती काढायला वाळूचा मारा करत. बेंजामिन टिल्घमन नावाच्या अमेरिकनाने १८७० साली त्याचे पेटंट घेतले. वाळू स्वस्त खरी, पण आदळली की तिचे पीठ होते, ते माणसाच्या फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतीव माल साफ करायला वाळू वापरणे बंद केले. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातही रोगांच्या यादीत सिलिकोसिस होता. म्हणून आता पोलादी छर्रे, बंद कपाट आणि धूळ ओढणारी मोठी नळी.

"मार देताना मारणाऱ्याच्या छातीचीही काळजी घ्यावी लागते, अण्णा," पुतण्या म्हणाला.

"घ्यायलाच हवी," अण्णा म्हणाले. बत्तीस वर्षे खडू खाल्लेली त्यांची छाती तेवढ्यात दोनदा खोकली.

तेवढ्यात यंत्राचे दार उघडले आणि माल बाहेर आला. आत गेला तेव्हा कोळसा, बाहेर आला तेव्हा चांदी. मी हात लावायला गेलो तर पुतण्याने थांबवले. "काका, घामाचा हात लागला तरी तांबेरा धरेल. आत्ता हे लोखंड उघडं आहे. पावसाळी हवेत काही तासांतच गंजायला लागतं. लगेच तेल लावावं लागतं." शेजारी एक बाई हातमोजे घालून प्रत्येक भागाला तेल लावतच होत्या. शनिशिंगणापूर आमच्याच जिल्ह्यात. लोखंड, तेल आणि शनी यांचे नाते आम्हाला नव्याने शिकायला नको. शनिवारी लोखंड घरात आणायचे नाही म्हणून आमच्या वहिनींनी हे मशीन आले त्या दिवशी ट्रक रविवार उजाडेपर्यंत फाटकाबाहेर उभा करून ठेवला होता. ट्रकवाल्याने त्या रात्रीचे पैसे वेगळे घेतले. साडेसाती ती हीच, असे पुतण्या म्हणतो.

पलीकडे दुसरे यंत्र होते. तिथे माल आधीच स्वच्छ होता. मोटारीच्या गिअरबॉक्समधली दातेरी चाके, आरशासारखी. तरीही त्यांना मार चालू.

"यांनी काय केलं?" मी विचारले. "ही तर अभ्यास करून आलेली दिसतात."

"यांना साफ करायला मारत नाहीत, काका. बळकट करायला मारतात. याला पीनिंग म्हणतात."

हे ऐकताच अण्णांचे डोळे लकाकले. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा उजवा हात आपोआप पट्टी धरल्यासारखा वळला.

पुतण्या सांगू लागला. लोखंडही थकते. केसांची पिन आपण इकडून तिकडे वाकवत राहिलो की एका क्षणी ती कट्कन मोडते, तसेच. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस असाच चालता चालता मोडला आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर नावाच्या इंजिनिअरने वर्षानुवर्षे रेल्वेच्या आसांवर पुन्हापुन्हा ताण देऊन त्यांच्या थकव्याचा हिशोब मांडला. मोटारीच्या गिअरचा दाता, स्प्रिंग, कनेक्टिंग रॉड यांचेही तेच. प्रत्येक फेरीला ताण येतो आणि जातो. एखादी बारीकशी चीर बहुधा पृष्ठभागावर सुरू होते, ताणाने उघडते, वाढते आणि घाटात मधोमध गाडी मोडते. छर्ऱ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे पडतात. वरची कातडी पसरू बघते, आतला गाभा तिला पसरू देत नाही. त्यामुळे ती दाटीवाटीने आवळून बसते.

माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने दाखला दिला. "एसटीत तिघांच्या बाकावर चौघं बसले, की मध्ये फट राहते का?"

"पिशवीसुद्धा शिरत नाही," मी अनुभवाने म्हटले.

"बस्स. तशीच इथे चीर शिरत नाही. शिरली तरी उघडत नाही."

अण्णांना आता राहवेना. "म्हणजे मी काय म्हणत होतो! टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. पुण्याच्या तांबट आळीत जा. बंब, घागर, हंडा, सगळ्यांना मठारतात. हातोडीने टिच टिच करून अंगभर खळ्या पाडतात. त्यानं भांडं चकाकतं आणि कडकही होतं. आमचे पूर्वज काही खुळे नव्हते. आणि आता कायदा काय म्हणतो? पोराला हात लावायचा नाही!"

कायदा अण्णांच्या जिव्हारी लागलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी केली. अण्णा त्याच्या आधीच निवृत्त झाले होते, तरी ती बंदी आपल्यालाच उद्देशून आहे, अशी त्यांची समजूत आहे.

"कारखान्यात लोखंडाला जे कळतं," अण्णा समारोप करत म्हणाले, "ते दिल्लीत कुणाला कळत नाही."

त्यांचे म्हणणे खोडावे असे मला काही सुचेना. लोखंड साक्षीला उभे केल्यावर माणसाने बोलायचे काय? पण तेवढ्यात यंत्रामागून कानांत बोळे घातलेले एक गृहस्थ पुढे आले. पन्नाशी ओलांडलेली. कारखान्यात त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी बोळे काढले, टोपी काढली आणि वाकून अण्णांचे पाय धरले.

"वळखलं का गुरुजी? सातवीला तुमच्याच हाताखाली होतो."

"हाताखाली म्हणजे..." अण्णांनी चष्मा वर केला.

"म्हंजी अगदी हाताखालीच," मामा हसले. "अपूर्णांकाला तर रोजच."

अण्णा सुखावले. "बघ! कसा ताठ उभा आहे! मार वाया गेला का?"

"न्हाई, वाया कशानं जाईल? लई कडक झालो," मामा म्हणाले, आणि मग आपल्या कौतुकाची वस्तू दाखवावी तसे म्हणाले, "गुरुजी, आमची पट्टी बघायची का?"

पट्टी म्हटल्यावर अण्णांनी हात पुढे केला. मामांनी त्यांच्या हातावर पोलादाची एक पातळशी चिप ठेवली. जेमतेम तीन इंच लांब, पाऊण इंच रुंद.

"एवढ्याशा पट्टीने काय मारता?"

"हिनं मारत न्हाई, गुरुजी. ही मार खाते."

अण्णांच्या आयुष्यात पट्टीने मार खाल्ल्याची ही पहिलीच घटना असावी. पुतण्याने खुलासा केला. जनरल मोटर्समध्ये जॉन आल्मेन नावाचा माणूस होता. छर्ऱ्यांनी मोटारीचे भाग टिकाऊ होतात हे सगळ्यांना दिसत होते, पण मार किती द्यायचा हे कुणालाच सांगता येत नव्हते. मालाकडे बघून ते कळत नाही. कमी बसला तरी तो चकचकीत, जास्त बसला तरी चकचकीत. आल्मेनने ही पट्टी काढली. १९४४ साली तिचे पेटंट झाले. स्प्रिंगच्या पोलादाची सपाट पट्टी चार स्क्रूंनी एका ठोकळ्यावर घट्ट बसवायची आणि मालाच्या जागी ठेवून तिच्यावर मारा करायचा. स्क्रू आहेत तोवर ती हूं की चूं करत नाही. सोडवली की पाठीला पोक यावा तशी वाकते. मार बसलेली बाजू फुगीर. किती वाकली ते डायलच्या मापावर मोजायचे.

"आणि मग?"

"मग अशा पाच-सहा पट्ट्या घ्यायच्या. एकीला थोडा वेळ मार, दुसरीला दुप्पट, तिसरीला त्याच्या दुप्पट. सुरुवातीला वाक झपाट्याने वाढतो. मग वाढ मंदावते. एक वेळ अशी येते, की मार दुप्पट केला तरी वाक दहा टक्क्यांनीसुद्धा वाढत नाही. तिथं मोजमाप पुरं झालं. याला सॅच्युरेशन म्हणतात."

"म्हंजी पट्टीचं पोट भरलं," मामा म्हणाले. आपण मार 'खातो' असे का म्हणतो, ते मला त्या क्षणी कळले. खायचे म्हटले की पोट भरणे आलेच.

"आणि पोट भरल्यावरही मारत राहिलं तर?" हा प्रश्न अण्णांनी विचारला. पण या वेळी आवाज मास्तरचा नव्हता.

पुतण्या क्षणभर थांबला. "मग उलटं होतं. कातडी दुमडते, बारीक भेगा पडतात. ज्या भेगा पडू नयेत म्हणून मारायचं, त्याच मारानं पडतात. बाहेरून काही दिसत नाही. माल छान चमकतो. वापरात मोडतो."

"अशा मालाचं काय करता?"

"कळलं तर भंगारात. नाही कळलं तर जातो गाडीत."

मशीन घोंगावत होते. पण आम्हा तिघांत एकदम शांतता झाली. कारण आम्हा तिघांना एकच गोष्ट आठवत होती. आठवीपासून पुढे हा पोरगा वर्गात हात वर करायचा बंद झाला होता. गणित उत्तम, पेपरात पैकीच्या पैकी. पण तोंडी विचारले की मान खाली. उत्तर येत असूनही बोलायचा नाही, कारण चुकले तर दोन. बारावीला तोंडी परीक्षेत तो परीक्षकासमोर पाच मिनिटे नुसता उभा राहिला होता. अण्णा त्याला तेव्हा 'हट्टी' म्हणाले होते. त्यांच्या अहवालात भेग असा रकानाच नव्हता.

मामांनीच कोंडी फोडली. माणूस साधा, त्यांच्या मनात खोच नव्हती. "गुरुजी, आमचं बरं हाय. गिअरला किती, स्प्रिंगला किती, सगळं कागदावर लिहून येतं. एकाचा मार दुसऱ्याला चालत न्हाई. वर मशीनला टायमर. टाइम झाला का आपोआप बंद. तुमाला एका वर्गात साठ पोरं आन् पट्टी एकच. त्यात टायमर कुठला?"

बचावाच्या वकिलाने दिलेली अशी साक्ष मी दुसरी ऐकलेली नाही. अशिलाची बाजूही घेतली आणि गुन्हाही शाबीत केला.

अण्णा बराच वेळ हातातल्या पट्टीचा वाक बोटाने चाचपत होते. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "मग तू कसा रे टिकलास?"

एवढी वर्षे हा प्रश्न घरात कुणी कुणाला विचारलेला नव्हता. मला वाटले, आता पोरगा मान खाली घालणार. पण तो हसला. तेलाच्या बुधल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आई होती ना. शाळेतून आल्यावर रोज तळहाताला खोबरेल लावायची. मार खाल्ल्यावर लगेच तेल लागलं, अण्णा, की गंज धरत नाही."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. कारखान्यात धूळ असतेच; ओढणारी नळी कितीही मोठी असली तरी थोडी राहते.

निघताना मी विचारले, "हे छर्रे किती दिवस टिकतात रे?" विषय बदलावा एवढाच हेतू.

"फिरून फिरून झिजतात, काका. आधी कडा जातात, मग आकार जातो, बारीक होत होत शेवटी पाखडताना धुळीबरोबर उडून जातात. दर आठवड्याला नवे भरावे लागतात."

"म्हणजे मारणारा पण झिजतो," अण्णा म्हणाले.

"झिजतो तर. मशीनच्या आतल्या भिंतीसुद्धा झिजतात. त्यांना मँगनीज पोलादाचं अस्तर लावलंय म्हणून निभावतं."

अण्णा खाली वाकले, फरशीवरचे दोन-चार छर्रे चिमटीत घेऊन त्यांनी तळहातावर फिरवले आणि झिजलेल्यांना नवे कोणते हे बघत राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस. हातही आता पूर्वीसारखा उरलेला नाही. चहाची बशी धरतानासुद्धा थरथरतो. मामांनी त्यांना हात धरून पायरीवरून उतरवले. "जपून गुरुजी, छर्रे हायेत."

वापरलेली आल्मेनची पट्टी पुन्हा वापरत नाहीत. एकदा मार खाल्ला की तिची साक्ष संपली. म्हणून अण्णांनी ती मागून घेतली आणि खिशात टाकली. "आठवण म्हणून," असे काहीसे म्हणाले. घरी आल्यावर मी बघितले, तर ती त्यांनी पंचांगात खुणेसाठी ठेवली होती. त्या दिवसाबद्दल ते मुलाशी पुढे काही बोलले नाहीत. आमच्या घराण्यात असल्या गोष्टी बोलून दाखवायची पद्धत नाही. मात्र दर आठवड्याला एकदा, काही काम नसताना, ते कारखान्यात जाऊन मामांच्या शेजारी स्टुलावर बसतात आणि डायलचे आकडे वहीत उतरवून देतात. अक्षर अजून मोत्यासारखे आहे.

दिवाळीत नातू पंचांग उघडून बसला होता. त्यातून ती वाकडी चिप खाली पडली.

"आजोबा, हे काय आहे?"

"पट्टी आहे ती."

"पट्टीनं काय करतात?"

मी वर्तमानपत्र खाली केले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. या प्रश्नाचे उत्तर अर्धी पंचक्रोशी तळहात दाखवून देऊ शकली असती.

"मोजतात," अण्णा म्हणाले.

नातवाने ती उलटीपालटी करून पाहिली. "मग यावर आकडे कुठेत?"

अण्णांनी थोडा विचार केला आणि त्याचा गाल कुरवाळत म्हणाले, "ते तुझ्या बापाला विचार. त्याला माहीत आहे."